२५ वर्षं झाली लग्नाला, स्वित्झर्लंडच्या ट्रिपमध्ये एक दिवस फक्त स्पासाठी ठेवलाय, कुठे जावं?

डहाणूकर_कॉलनी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, प्रश्न पहिल्यांदाच टाकतेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. लग्नानंतर तीन दिवसांसाठी महाबळेश्वरला गेलो होतो, त्यातही दुसऱ्याच दिवशी हॉटेलवर वर्कशॉपमधून फोन आला आणि संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत. त्यानंतर जे काही फिरलो ते मुलीची सुट्टी, सासूबाईंची देवदर्शनं, कुणाचं तरी लग्न असं कशाला तरी जोडूनच. आता मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणाली आजीकडे मी बघते, तुम्ही दोघंच जा. तर सप्टेंबरमध्ये ८ रात्री स्वित्झर्लंड, टूर कंपनी नाही, सगळं बुकिंग आमचं आम्हीच केलंय. ४ रात्री लुझर्नला आहोत, व्हिसा हातात आलाय, स्विस ट्रॅव्हल पास घेणार आहोत. टिटलिस, युंगफ्राऊ वगैरे ठरलं, पण एक दिवस मी मुद्दाम रिकामा ठेवलाय आणि तो मला कुठल्याही पॉइंटवर घालवायचा नाहीये. डोंगरात, बाहेर उघड्यावर गरम पाण्याचा तलाव, समोर डोंगर, असे फोटो बघितलेत, तसा एक दिवस दोघांसाठी हवाय.

नवरा ५४ चा आहे, भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. रात्री अकरालाही मशीन बंद पडल्याचा फोन येतो आणि हा उठून जातो. बीपीची गोळी चालू आहे चार वर्षांपासून. मला त्याला एक दिवस, एक अख्खा दिवस, काहीही न करता बसलेला बघायचाय. तो म्हणतो गरम पाण्यातच बसायचंय तर कोकणात जाऊ की, त्यासाठी विमान कशाला. पण नाही पण म्हणत नाहीये.

आता प्रश्न. लुझर्नहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा कुठली? तिथे कपड्यांचं काय असतं, मी ५१ ची आहे, आयुष्यात स्विमिंग कॉस्च्युम घातलेला नाही, आणि सौनामध्ये, म्हणजे त्या गरम हवेच्या लाकडी खोलीत, तिकडे लोक कपड्यांशिवाय बसतात असं ऐकलं ते खरं आहे का आणि ते टाळता येतं का? बीपी असलेल्या माणसाला गरम पाणी, वाफ चालते का? आणि आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जो गेलाय त्याने जरा सविस्तर लिहा प्लीज.

सह्यकडा

ताई, आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी गेलो होतो आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासाठी एकच आहे, रिगी डोंगरावरचं काल्टबाड गाव आणि तिथला स्पा. लुझर्नला राहताय ना, मग दुसरीकडे जाऊच नका, कारण इथे जाण्याचा प्रवास हाच अर्धा आराम आहे.

सकाळी लुझर्न स्टेशनच्या समोरच धक्का आहे, तिथून बोट पकडायची फिट्सनाऊची, साधारण तासभर. वेळापत्रक बघून वाफेवर चालणारी जुनी पॅडलवाली बोट मिळाली तर तीच घ्या, खाली मधोमध इंजिन उघडं दिसतं, पितळी दांडे वर खाली होताना. तुमच्या मिस्टरांचा वर्कशॉपचा जीव, ते तिथून हलणार नाहीत बघा. फिट्सनाऊला धक्क्याला लागूनच लाल रंगाची डोंगरगाडी उभी असते, मध्ये दात्यांचा तिसरा रूळ, उटीच्या गाडीला असतो तसा. ही गाडी १८७१ पासून चालू आहे, युरोपातली पहिली दात्यांची डोंगरगाडी. वीसेक मिनिटांत काल्टबाड येतं. गावात मोटारगाड्या नाहीत. म्हणजे खरंच नाहीत, उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हेच की कशाचाच आवाज नाहीये, मधूनच एखाद्या गायीच्या गळ्यातली घंटा.

उंची १४३३ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा शंभर-सव्वाशे मीटरच जास्त, त्यामुळे उंचीचा त्रास वगैरे काही नाही. काल्टबाड म्हणजे थंड स्नान. पूर्वी लोक तिथे नवस करून यायचे आणि झऱ्याच्या गार पाण्यात बुड्या मारायचे, आजार जातात म्हणून. झरा खडकांच्या फटीत आहे, बाजूला छोटं चॅपल आहे, दोन मिनिटं जाऊन या. आताचा स्पा मारिओ बोट्टा या स्विस वास्तुविशारदाने केलाय, २०१२ ला उघडला. गंमत म्हणजे तुम्ही चौकात उभे राहिलात तर स्पा दिसतच नाही, तो तुमच्या पायाखाली आहे, वर फक्त काचेचे टोकदार आकार दिसतात, त्यातून खाली उजेड जातो.

आत गेल्यावर हातात एक पट्टा देतात, त्यानेच लॉकर उघडतो. पाण्यात उतरण्याआधी साबणाने शॉवर घ्यायचा, हा नियम पाळायचाच. मग आतल्या दगडी हॉलमधल्या तलावात उतरायचं आणि पाण्यातूनच चालत चालत बाहेरच्या तलावात जाता येतं, मध्ये अंग गार होत नाही. पाणी साधारण ३५ अंश. आता हे वाचून वाटेल ३५ म्हणजे काहीच गरम नाही, आपण आंघोळीला याच्यापेक्षा कढत घेतो, पण तेच तर त्यातलं शहाणपण आहे, ३५ अंशाच्या पाण्यात तासभर बसता येतं, अंगाला पाणी गरमही लागत नाही आणि गारही लागत नाही, थोड्या वेळाने अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. आम्ही गेलो तेव्हा खाली तळ्यावर ढग भरलेले आणि आम्ही ढगांच्या वर, उन्हात. राजगडावर पावसाळ्याच्या शेवटी पहाटे दिसतं ना तसं, फक्त आपण गरम पाण्यात आणि तंगड्या दुखत नाहीयेत.

बायको आणि मी पहिला अर्धा तास बोलत होतो, मग आपोआप थांबलो. इतकी वर्षं एकत्र राहून आम्ही कधी नुसते गप्प बसलो नव्हतो असं तिला तेव्हा वाटलं, तिने ते नंतर बोटीत सांगितलं.

एकच चूक केली ती सांगतो. आम्ही त्याच दिवशी वर शिखरावर, रिगी कुल्मला जाऊन मग स्पाला यायचं ठरवलं, त्यात सकाळचे अडीच-तीन तास गेले आणि स्पामध्ये घड्याळ बघत बसलो. शिखर १७९७ मीटर आहे, कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर उंच, सुंदर आहे यात वादच नाही, पण ते दुसऱ्या दिवशी करा, पास आहेच तुमच्याकडे. स्पाच्या दिवशी फार तर दुपारी केंझेलीपर्यंत चाला, पंधरावीस मिनिटांची सपाट वाट आहे, शेवटी कड्यावर कठडा आणि खाली अख्खं तळं. परत येताना काल्टबाडहून वेगिसला केबल कारने उतरा आणि तिथून बोट. बोट, डोंगरगाडी, केबल कार हे सगळं स्विस पासमध्ये येतं, स्पाचा प्रवेश, टॉवेल, मसाज याचे पैसे वेगळे. मसाज हवा असेल तर आठ-दहा दिवस आधी ईमेलने वेळ घ्या आणि वेळ दुपारची घ्या, सकाळी अंग मोकळं झालेलं नसतं.

श्टुटगार्टची_पुणेकर

ताई, कपड्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण नऊ वर्षांपूर्वी इकडे आले तेव्हा माझ्याही पोटात हाच गोळा होता आणि तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं.

दोन वेगळे भाग असतात हे आधी डोक्यात पक्कं करा. एक पाण्याचा भाग, म्हणजे गरम तलाव, जाकुझी, कारंजी. तिथे स्विमिंगचे कपडे सक्तीचे, सगळे सगळ्या वयाचे, सगळ्या आकाराचे लोक असतात, सत्तरीच्या आज्या निवांत बसलेल्या असतात आणि कुणीही कुणाकडे बघत नाही. दुसरा सौनाचा भाग, वेगळं दार, बऱ्याचदा वेगळं तिकीट. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलणाऱ्या भागात सौना बहुतेक ठिकाणी कपड्यांशिवाय आणि स्त्रीपुरुष एकत्र असतो. दारावर टेक्स्टीलफ्राय असं लिहिलेलं असेल तर अर्थ तोच, कपडे नकोत. त्यामागे त्यांचं कारण स्वच्छतेचं आहे, गरम हवेत ओला सिंथेटिक कपडा अंगावर नको, आणि घाम लाकडावर पडायला नको म्हणून पायाच्या तळव्यांपर्यंत येईल एवढा मोठा टॉवेल खाली अंथरून बसायचं. टॉवेल गुंडाळून गेलात तर बहुतेक ठिकाणी चालतं. काही ठिकाणी बायकांसाठी वेगळा सौना किंवा आठवड्यातला एक वार असतो, दामेन, म्हणजे बायका, हा शब्द शोधा वेबसाइटवर.

आणि टाळता येतं का? शंभर टक्के. त्या दारातून आत गेलंच पाहिजे असं काहीच नाही. मी पहिली दोन वर्षं गेले नाही, मग एकदा मैत्रिणीबरोबर बायकांच्या दिवशी गेले, आता नवऱ्याबरोबर जाते. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा, नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. एक तिसरा मार्ग पण आहे, बऱ्याच मोठ्या हॉटेलांत दोघांसाठी खासगी स्पाची खोली दोन-तीन तासांसाठी मिळते, आत छोटा सौना, टब, पडायला जागा आणि दार आतून बंद. महाग असतं पण २५ वर्षांतून एकदा हा हिशेब केला तर विचार करा.

कॉस्च्युमचं म्हणाल तर गुडघ्यापर्यंत पाय आणि अर्ध्या बाह्या असलेले स्विमसूट आपल्याकडे आता सहज मिळतात, डेकॅथलॉनमध्ये बघा. कापड पोहण्याचंच हवं, कॉटनचा टीशर्ट लेगिंग घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नवऱ्याला पण आधी सांगा, बर्म्युडा घालून आला म्हणून माझ्या दिराला एका ठिकाणी परत पाठवला होता, साधी स्विमिंग ट्रंक हवी. आणि ताई, जायच्या आधी पुण्यात एखाद्या तलावावर बायकांच्या बॅचला चार दिवस तो सूट घालून पाण्यात उतरा. पोहायला शिकायची गरज नाही, हे तलाव छातीपर्यंतच असतात, पण अंगाला त्या कपड्याची सवय झाली की तिकडे गेल्यावर मन त्यात अडकून राहत नाही. मी हे केलं असतं तर माझा पहिला दिवस वाया गेला नसता.

अजून दोन गोष्टी, रबरी चपला न्या आणि आंघोळीचा जाड झगा भाड्याने घ्या, बॅगेत कोंबून नेऊ नका. आणि मोबाइल लॉकरमध्ये. पाण्याच्या भागात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी बंदीच असते, ते एका अर्थी तुमच्या पथ्यावर पडेल.

डॉक्टर_सदाशिव

बीपीबद्दल लिहितो. मी फिजिशियन आहे, पण तुमच्या मिस्टरांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे जायच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या डॉक्टरांना हे सगळं दाखवून विचाराच.

गरम पाण्यात किंवा गरम हवेत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे बीपी खाली येतं. गोळीने ते आधीच खाली आणलेलं असतं, त्यात ही भर. पाण्यात असेपर्यंत काही वाटत नाही, त्रास होतो तो झटक्यात उठून पायऱ्या चढताना, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ओल्या फरशीवर पडणं हा तिथला खरा धोका आहे. म्हणून पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, मग कठड्याला धरून हळूहळू बाहेर, दोन मिनिटं बसणं, मग झगा घालून अर्धा तास आडवं पडणं, साधं पाणी पिणं. असं दोन-तीन वेळा. वर सह्यकडा तासभर बसता येतं म्हणाले ते निरोगी माणसासाठी, यांनी तसं करू नये. लघवीची गोळी चालू असेल, म्हणजे ज्याने पाणी उत्सर्जित होतं ती, तर अजून सांभाळून.

गोळी त्या दिवशी चुकवायची नाही. लोक हे हमखास करतात, गरम पाण्याने बीपी उतरतंच म्हणून स्वतःच गोळी टाळतात. नेहमीच्या वेळेला घ्यायची.

दुसरं, सौनातून निघून थेट बर्फासारख्या गार पाण्यात उडी मारायची पद्धत तिकडे आहे, ते यांनी अजिबात करायचं नाही. गार पाण्याने रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि बीपी झपकन वर जातं. कोमट शॉवर घ्यायचा, पायांपासून सुरू करून वर. फिनलंडचा सौना ८० ते १०० अंशांचा असतो, वाफेची खोली ४५ च्या आसपास असते पण दमट, दोन्हीत पहिल्यांदाच जाणाऱ्याने खालच्या बाकावर बसून आठ-दहा मिनिटांच्या वर थांबू नये. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. वाइन किंवा बिअर सगळं आटोपल्यावर, आधी नाही. छातीत दुखतंय, अलीकडे अटॅक येऊन गेलाय किंवा बीपी आटोक्यातच नाही अशांनी सौनात जाऊच नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मसाज करणाऱ्याला सांगायचं, दाब देऊन मसाज नको.

सौनाचे फायदे म्हणून फिनलंडमधला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो, २०१५ ला प्रसिद्ध झाला, २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं आणि जे आठवड्यातून जास्त वेळा सौना घेत होते त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. पण ती माणसं आयुष्यभर दर आठवड्याला सौनात बसणारी. एका दिवसाने बीपी बरं होणार नाही. मात्र भोसरीच्या त्या माणसाने एक दिवस फोन लांब ठेवला आणि दुपारी दोन तास झोपला तर डॉक्टर म्हणून मला त्याचं फार बरं वाटेल.

रेखाटनवही

मी आर्किटेक्ट आहे त्यामुळे फाल्स या गावाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तिथे स्विस वास्तुविशारद पीटर झुमथोरने बांधलेलं स्नानगृह आहे, १९९६ सालचं. गावातल्याच खाणीतल्या करड्या दगडाच्या साठ हजार चिपा एकावर एक रचलेल्या, छतात बारीक फटी आणि त्यातून उजेडाच्या रेघा पाण्यावर. झऱ्याचं पाणी ३० अंशाचं. आपल्या लेण्यांमध्ये दुपारी बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर जी शांतता अंगावर येते, भाज्याला किंवा कार्ल्याला, तीच मला तिथे आली आणि मी एका कोपऱ्यात बराच वेळ नुसता दगडाला हात लावून उभा होतो.

पण ताईंसाठी हे लांब पडेल. लुझर्नहून झुरिचमार्गे कूर, तिथून इलांझ आणि पुढे पिवळी पोस्टबस, जाण्यातच दिवस संपेल. एक रात्र राहणार असाल तरच. लॉयकरबाड या गरम झऱ्यांच्या गावाचंही तेच, तिकडे पाणी जमिनीतूनच ५१ अंशांचं येतं, दिवसाला ३९ लाख लिटर, ते थंड करून तलावात सोडावं लागतं, चहूबाजूंनी सरळ उभे कडे, उंची १४११ मीटर म्हणजे महाबळेश्वरच्या थोडंसं वर, आणि वर गेमी खिंडीत जायला केबल कार. खरं नैसर्गिक गरम पाणी हवं असेल तर रिगीपेक्षा ते सरस आहे, रिगीला पाणी तापवावं लागतं. पण एका दिवसाच्या मोकळ्या वेळासाठी सहा-सात तास गाड्यांमध्ये बसू नका. रिगीच.

संगमेश्वरी

तुमचे मिस्टर कोकणात जाऊ म्हणाले ते वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या तालुक्यात तुरळ आणि राजवाडी, दोन्हीकडे गरम पाण्याचे झरे आहेत, तुरळचा तर मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच. तिकडे दापोलीकडे उन्हवरे. आमची आजी भातलावणी संपली की राजवाडीला न्यायची, महिनाभर चिखलात उभं राहून पाय भरून आलेले असायचे तिचे. बायकांचं कुंड वेगळं. ती पाण्यात बसली की डोळे मिटायची आणि आम्हाला हाक मारायची नाही, एरवी दिवसभर तिची हाक थांबायची नाही. तिथे झगा नाही, गार ज्यूस नाही, पण तुम्ही जे शोधताय ते तिला दरवर्षी एक दुपार मिळायचं. तुम्ही स्वित्झर्लंडला जाच, अगदी जा. मिस्टरांचं म्हणणं पण चुकीचं नाही एवढंच.

सह्यकडा

जेवणाचं राहिलं होतं. रॉष्टी मिळेल, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं जाडसर धिरडं म्हणा, पण त्यावर अंडं घालतात आणि कधी आत बेकनचे तुकडे, त्यामुळे ओहने आय, ओहने फ्लाइश म्हणजे अंड्याशिवाय, मांसाशिवाय असं सांगा. एल्प्लरमाग्रोनेन म्हणून एक प्रकार आहे, मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत शिजवलेल्या सफरचंदाचा गोडसर गर, त्यातही बेकन विचारून घ्या आणि मॅकरोनीत अंडं आहे का तेही. सूप शाकाहारी दिसलं तरी ते मांस उकळलेल्या पाण्यात केलेलं असू शकतं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, स्पाच्या आत बाहेरचं खाता येत नाही पण बाहेर पडल्यावर केंझेलीच्या वाटेवर बाकडी आहेत, तिथे बसून खाल्लं, त्या चवीला तोड नाही.

डहाणूकर_कॉलनी

परत आलो! सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं होतं की आल्यावर पहिलं हे लिहायला बसलेय.

रिगीलाच गेलो. श्टुटगार्टच्या ताईंचं ऐकून इथे महिनाभर सकाळच्या बायकांच्या बॅचला गेले, पहिल्या दिवशी पाण्यात उतरताना रडू आलं होतं, चौथ्या दिवशी काही वाटेना, आणि आता तर मी पोहायलाच शिकतेय. हे सगळ्यात मोठं काम त्या सल्ल्याने झालं. सौनाच्या दाराकडे आम्ही फिरकलोच नाही.

सकाळी पॅडलवाली बोट मिळाली आणि सह्यकडा म्हणाले तस्संच झालं, हा तासभर इंजिनपाशी उभा, मी वर एकटी, मला वाटलं गेला आजचा दिवस. फिट्सनाऊ यायच्या आधी वर आला आणि ते दांडे कसे चालतात ते हातवारे करून सांगायला लागला, लग्न ठरल्यावर आम्ही पहिल्यांदा वाडेश्वर हॉटेलात भेटलो होतो तेव्हा लेथ मशीनबद्दल बोलत होता तेव्हाचाच चेहरा.

स्पामध्ये शिरताना त्याने फोन लॉकरमध्ये ठेवला, परत काढला, वर्कशॉपमधल्या मुलाला मेसेज केला की पाच वाजेपर्यंत मी नाही, आणि ठेवला. आम्हाला ऊन नव्हतं मिळालं, पाऊस होता, बारीक, गार. आधी वाईट वाटलं, पण बाहेरच्या तलावात गेलो तर मानेपर्यंत ऊबदार पाणी आणि डोक्यावर गार थेंब, समोर डोंगर एकदा दिसतोय एकदा पुसला जातोय, मला नाही वाटत उन्हात याहून चांगलं वाटलं असतं. डॉक्टरसाहेब, वीस मिनिटांचा नियम पाळला, भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष होतं. दुसऱ्या वेळी पाण्यात असताना तो आपणहून बोलायला लागला. २००९ ला मंदीत वर्कशॉप बंद करायची वेळ आली होती, सहा महिने कर्जाचे हप्ते त्याने मित्राकडून उसने घेऊन भरले होते, मला यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस, तर म्हणाला सांगायला वेळच मिळाला नाही. मी त्याचा हात धरला पाण्याखाली, बाकी काही बोलले नाही.

मग आडवं पडायच्या खोलीत गेलो, मोठ्या काचा आणि खुर्च्या, आणि तिथे तो झोपला. दोन तास दहा मिनिटं. मी मसाजची वेळ चुकवली, पैसे गेले, पण त्याला उठवायचं किंवा त्याच्या बाजूचं उठून जायचं माझ्याच्याने झालं नाही. त्याच्या कपाळावर दोन भुवयांच्या मधे एक आठी आहे, ती झोपेतही असते घरी, तिथे नव्हती.

खर्च विचाराल तर घरचं महिन्याचं किराणा सामान येईल एवढे पैसे एका दिवसात गेले. मला जराही वाईट वाटलं नाही.

आता संगमेश्वरी ताई, तुम्हाला एक विचारायचंय. आल्यावर सासूबाईंनी फोटो मागितले, स्पाचा एकही फोटो नव्हता, म्हणून यानेच त्यांच्याजवळ बसून सगळं तोंडी सांगितलं, पाणी कसं होतं, पाऊस कसा होता. तर त्या म्हणाल्या अरे राजवाडीला असंच असायचं, पावसात कुंडात बसायचो आम्ही. त्यांचं माहेर संगमेश्वरच्या बाजूचं आहे हे माहीत होतं, पण त्या लहानपणी तिथे जायच्या हे इतक्या वर्षांत कधी निघालंच नव्हतं. आता त्यांना घेऊन दिवाळीनंतर जायचं म्हणतोय. त्या ७८ च्या आहेत, दोन्ही गुडघे धरलेत. गाडी कुंडापर्यंत जाते का, आणि बायकांच्या कुंडात उतरायला पायऱ्या किती आहेत, धरायला काही आहे का? आणि पाणी त्यांना सोसेल इतपतच गरम असतं का, की आधी बाजूला काढून गार करून घ्यावं लागतं?